दोनशे दहा लावा

"नमस्कार, हॉस्पिटल."

"नमस्कार. आहार विभाग द्या."

आवाज मुद्दाम जाड केलेला, नाकातून काढलेला. नऊबाईंनी तो 'न'लाच ओळखला. हॉस्पिटलातल्या कुठल्याही फोनवरून नऊ दाबलं की बाई येतात, म्हणून त्या नऊबाई. डॉक्टरांपासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळे त्यांना याच नावाने ओळखत. पण हा फोन आतला नव्हता, बाहेरचा होता, अगदी घरचाच. आणि रोज दुपारी जेवणं उरकल्यावर येणारा तो आज सकाळी सकाळीच आला होता.

"आहार विभागात काय काम आहे आपलं?"

"एक पदार्थ करायचाय. चॉकलेटचा. तो ट्रेमध्ये भाजतात ना, तो."

टेलिफोन बोर्डाच्या बटणावरचा नऊबाईंचा हात तसाच राहिला. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या हातून अंडं फुटलं होतं ते फक्त जमिनीवर पडून.

"कोणासाठी करताय?"

"आहेत एक बाई. आज रिटायर होतायत. आजवर प्रत्येकाच्या निरोपाला त्यांनीच करून नेला. म्हटलं, त्यांच्या निरोपाला कोण करणार?"

नऊबाईंनी खुर्ची बोर्डाशी ओढली. "लिहून घेताय ना?"

"पाटी-पेन्सिल घेऊन बसलोय. सांगा तुम्ही."

"दोन वाट्या मैदा. पाऊण वाटी कोको, चाळून. दीड वाटी साखर. तीन अंडी—"

बोर्डावर दुसरा दिवा लुकलुकला.

"होल्ड करा हं."

— होल्ड —

तो होल्डवर आहे तोवर थोडं मागचं सांगून घेऊ.

लग्न नवं होतं तेव्हा या खोलीत मोठ्या बाई नावाचं एक प्रकरण होतं. त्या मुख्य ऑपरेटर. खासगी फोन दिसला की पाठीमागे येऊन उभ्या राहायच्या आणि सावकाश, हिशेबाने खोकायच्या. नवऱ्याने यावर तोड काढली. तो बाहेरचा माणूस बनून आहार विभाग मागायचा.

"आज आहारात काय आहे?"

"भात आणि वांगं, साहेब."

"वांगं पेशंटला चालत नाही."

"पेशंटला विचारून शिजवत नाहीत इथे."

किंवा, "पेशंटला संध्याकाळी सिनेमाला नेलं तर चालेल का?" यावर नऊबाई कागद चाळल्याचा आवाज काढायच्या आणि म्हणायच्या, "सहापर्यंत ड्यूटी आहे. सहानंतर काय ते न्या." मोठ्या बाई मागे उभ्याच. त्यांना कधी शंका आली नाही, किंवा आली असेल तर त्यांनी ती खोकल्यात घालवली.

मोठ्या बाई रिटायर झाल्या. (त्यांच्याही निरोपाला ट्रे नऊबाईंचाच होता. मोठ्या बाईंनी तीन तुकडे खाल्ले आणि चौथा पर्समध्ये टाकला.) आता घरी उघड फोन करायलाही कोणाची ना नव्हती. पण तोवर कारण बदललं होतं.

नवरा बाटल्यांच्या कारखान्यात होता. पट्ट्यावरून दिवसभर काचेवर काच आपटत जायची. उजवा कान तिथेच राहिला, डावा अर्धामुर्धा घरी आला. लेकीने हौसेने कानात घालायचं यंत्र आणून दिलं, तर म्हणे त्यात कारखानाच वाजतो. ते डबीत गेलं. घरात नऊबाई ओट्याशी पाठमोऱ्या बोलायच्या.

"अहो, दूध उतू जातंय!"

"कोण कुठे जातंय?"

"दूध!"

"जाऊ दे गेलं तर. येईल परत."

ओरडून बोलावं तर नऊबाईंचा आयुष्यभराचा धंदा हळू बोलण्याचा. त्या ओरडल्या की ते भांडणच वाटायचं, आणि तोही भांडणाचंच उत्तर द्यायचा. शेवटी घरात खुणा उरल्या आणि जेवणाच्या ताटाचा आवाज.

फोनवर मात्र त्याला सगळं ऐकू येई. रिसीव्हर डाव्या कानाला घट्ट, आणि पलीकडे नऊबाईंचा ऑफिसचा आवाज, एकेक अक्षर निवडून वेगळं ठेवल्यासारखा. लेकीचं लग्न तिथे ठरलं, त्याच्या भावाची जमिनीवरून झालेली कुरकुर तिथे मिटली, वांग्याचा निकाल तिथे लागला. शिवाय फोनवर तो त्यांना 'तुम्ही' म्हणायचा. घरात 'अगं'. ते 'तुम्ही' नऊबाईंना आवडायचं, हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं.

आणि आजचा हा शेवटचा दिवस. उद्यापासून बोर्डाच्या जागी यंत्र बोलणार. नऊबाई दिवसभर घरात असणार, ओट्याशी, पाठमोऱ्या. तो फोन कुठे लावणार?

महिनाभर हा प्रश्न त्यांच्या मनात होल्डवर होता. दिवा लुकलुकत होता, पण त्यांनी तो उचलला नव्हता.

— जोडते —

"हं, बोला. तीन अंडी झाली?"

"लिहिली."

"अर्धी वाटी तेल. दीड चमचा बेकिंग पावडर, चिमूट मीठ. सगळं एकजीव करा, गुठळी राहता कामा नये. आणि अगदी शेवटी एक कप उकळतं पाणी— होल्ड करा हं."

ऑपरेशन थिएटरचा दिवा होता. तिकडून घाईचा निरोप आला, तो नऊबाईंनी वॉर्डला पोचवला. "वॉर्ड ना? थिएटरमधून निरोप आहे. उपाशीच ठेवा. पाणीसुद्धा द्यायचं नाही. नाही, थेंबभरही नाही."

त्या परत आल्या. "पाण्याचं कळलं ना?"

"कळलं," पलीकडचा आवाज जरा चाचरला. "पण बाई, मग ते फार घट्ट नाही होणार?"

"घाबरू नका. पाण्याचं सांगितलंय ना, अगदी तसंच करा. त्यातच सगळी गंमत आहे."

"बरं. तुम्ही म्हणता तर."

"ट्रेला तेलाचा हात फिरवा. मिश्रण ओता. आणि ओव्हन— थांबा, होल्ड करा हं. नमस्कार, हॉस्पिटल. पायाचं प्लास्टर काढायचंय? मग दोनशे दहा लावा. हो, दोनशे दहा. पण पाऊण तास लागेल हं, त्याच्या आत काही होणार नाही."

परत येऊन पाहतात तर घरची लाइन बंद झालेली. ओव्हनचं राहिलंच, नऊबाईंच्या मनात आलं. पण घरच्या ओव्हनच्या बटणावर एकशे ऐंशीपाशी त्यांनी नखाच्या लाल रंगाचा ठिपका दिला होता. ठिपका दिसेल, ठेवतील तिथे. त्या स्वतःशी हसल्या आणि पुढचा दिवा उचलला.

टेबलाखालून दोन पाय बाहेर आले होते. ते नवं यंत्र बसवायला आलेल्या वायरवाल्याचे. काही वेळाने पायांपाठोपाठ तोही बाहेर आला.

"मावशी, एक सांगू का? रागावू नका."

"तू माझी नोकरी खाल्लीस तेव्हा रागावले नाही, आता काय रागावणार? बोल."

"तुमचं होल्ड सकाळपासून गळतंय."

"गळतंय म्हणजे?"

"मी इकडची वायर सोडवली ना, तेव्हापासून होल्डवरच्या माणसाला तुमचं सगळं बोलणं ऐकू जातंय. मी खालून टेस्टिंगचा फोन लावून बसलो होतो. मघाचा तो माणूस तर मध्येच बोललापण."

"काय बोलला?"

"'दोनशे दहा, पाऊण तास, बरं,' म्हणाला आणि ठेवून दिला."

आपल्या भाषेत फोनही लावायचा असतो आणि ओव्हनही. इतकी वर्षं 'लावा, लावा' म्हणत आलेल्या नऊबाईंच्या हे पहिल्यांदाच लक्षात आलं. पाठोपाठ थेंबभरही न द्यायचं पाणी लक्षात आलं. त्यांनी कपाळाला हात लावला.

घरी फोन लावला. एंगेज. परत लावला. एंगेज. रिसीव्हर नीट ठेवला नसणार, नेहमीचंच. शेजारणीला लावला.

"वास तर इथवर येतोय," शेजारीण म्हणाली. "दारावर थापा मारून हात दुखला माझा. भावजींना ऐकू येईल तर शपथ. खिडकीतून दिसले, टॉवेल घेऊन ओव्हनसमोर खुर्ची टाकून बसलेत. चेहरा असा काही गंभीर की जणू परीक्षेचा पेपर सोडवतायत. आग नाहीये हो, काळजी करू नका. नुसता धूर आहे."

नऊबाईंना ट्रेची काळजी नव्हतीच. जळला तर जळला. काळजी होती ती त्याच्या हसण्याची. कान गेल्यापासून तो चार माणसांत जात नसे. लग्नात गेलाच तर मांडवाबाहेर खुर्ची धरून बसायचा. कोणी विनोद केला की सगळे हसायचे, आणि मग क्षणभराने तो हसायचा, बाकीच्यांकडे बघून. त्या एका क्षणात त्याचा चेहरा जसा व्हायचा तो नऊबाईंना बघवत नसे. आणि आज तोच माणूस भरल्या कँटीनमध्ये जळका ट्रे घेऊन येणार होता.

— होल्ड —

कँटीनमध्ये टेबलं जोडली होती. पताका-फुगे काही नाही, नऊबाईंनीच नको म्हटलं होतं. माणसं मात्र खूप आली. गंमत अशी की निम्म्यांनी त्यांना आजवर पाहिलंच नव्हतं. ती माणसं आवाज ऐकून खात्री करून घेत होती.

"तुम्हीच का नऊबाई? मला वाटलं होतं तुम्ही उंच असाल."

"आवाजात उंची घेते मी."

हेडक्लार्क भाषणाला उभे राहिले, कागद शोधला, सापडला नाही, म्हणून थोडक्यात आटोपलं. टाळ्या झाल्या. मग लॅबमधली पोरगी सवयीने म्हणाली, "चला, ट्रे काढा!" आणि सगळे इकडेतिकडे बघायला लागले. नऊबाईंच्या निरोपाला ट्रे कोण आणणार, हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. निरोप म्हणजे ट्रे आणि ट्रे म्हणजे नऊबाई, एवढंच सगळ्यांना माहीत. हेडक्लार्कांचा चेहरा पडला. कोणीतरी पुटपुटलं, "बिस्किटं मागवू या का?"

दारात नवरा उभा होता.

इस्त्रीचा शर्ट. केस पाणी लावून बसवलेले. भुवईला कोको. दोन्ही हातांवर टॉवेलात गुंडाळलेला ट्रे, एखादं मूल धरावं तसा. तो थेट चालत आला, ट्रे टेबलावर ठेवला आणि टॉवेल उघडला.

कडा काळ्या. मध्यभाग तपकिरी, भेगाळलेला. लॅबवालीने सुरी घेतली, टेकवली, दाबली. सुरी वाकली.

प्लास्टरच्या खोलीतला माणूस पुढे झाला. आडदांड, हसरा, मनाने वाईट अजिबात नाही. त्याने ट्रेवर बोटाने टकटक केली. "वहिनी, हे काम माझ्या खात्याचं आहे. करवत आणू?"

कँटीन हसलं. मोकळं, प्रेमाने हसलं, पण हसलं. नवऱ्याने सगळ्यांकडे पाहिलं. एक क्षण गेला. मग तोही हसला.

नऊबाई उठल्या.

"होल्ड करा हं," त्या म्हणाल्या.

आवाज जराही चढवला नव्हता. पण या आवाजासमोर सगळ्या इमारतीला इतकी वर्षं थांबायची सवय होती. सगळे थांबले. प्लास्टरवाल्याचं बोट ट्रेवर राहिलं.

"याला अजून पाणी घातलेलं नाही. कपभर उकळतं पाणी अगदी शेवटी घालायचं असतं, खाणाऱ्यांच्या समोर. खरी पद्धत ही. मी आळशी, घरूनच घालून आणते." त्यांनी कँटीनवाल्याकडे वळून पाहिलं. "किटलीत काय आहे?"

"कॉफी आहे, बाई. कडकडीत."

"तीच आण."

काळ्या कडा त्यांनी सुरीने खरवडल्या, खालून उलथनं घालून ट्रेमधलं सगळं ढेकळासारखं फोडलं, वाट्यांमध्ये घातलं आणि वरून कॉफी ओतली. वाफ निघाली. ढेकळं आधी नुसती बसून राहिली, मग हळूच फुगली, मऊ पडली. कोकोचा वास कँटीनभर पसरला. पहिला चमचा प्लास्टरवाल्याने घेतला. आता त्याच्यावर ती पाळी होतीच. त्याने डोळे मिटले.

"वहिनी, करवत रद्द."

"मावशी," लॅबवाली तोंडात घास धरून म्हणाली, "हा तर नेहमीपेक्षा भारी झालाय."

"एवढं बोलायची गरज नव्हती," नऊबाई म्हणाल्या, आणि त्या वाटीतलं त्यांनीही खाल्लं. थोडं करपट. थोडं कडू. खाली कुठेतरी पूर्ण दीड वाटी साखर.

नवरा गर्दीतून त्यांच्याजवळ आला. त्याला स्वतःचा आवाज मोजता येत नसे, म्हणून तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बरा झालाय का गं?"

त्यांनी मान हलवली. त्याची भुवई पुसली.

"पाणी द्यायचं नाही म्हणालीस, तेव्हाच मला जरा शंका आली होती. आणि ते लाल ठिपक्याचं मी ऐकलं नाही. म्हटलं, बाई दोनशे दहा म्हणतेय तर काही विचार करूनच म्हणत असेल."

कसं समजावणार? आजूबाजूला चमच्यांचा, बोलण्याचा गलका. यातलं अक्षर त्याला कळलं नसतं. असू दे, त्यांच्या मनात आलं, उद्या दुपारी फोनवर सांगते.

आणि चमचा त्यांच्या हातात तसाच राहिला.

— होल्ड —

संध्याकाळी वायरवाल्याने बोर्डाचं मुख्य बटण त्यांनाच बंद करायला लावलं. त्यांनी ते केलं. दिवे एकेक करत नाही, एकदम गेले. पर्स घेतली, खुर्ची आत सरकवली.

— होल्ड —

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाली. नऊबाई ओट्याशी उभ्या, पाठमोऱ्या. उरलेला ट्रे झाकून ठेवलेला.

"कॉफी टाकू का?" त्या म्हणाल्या.

त्यांनी वळून पाहिलं. बाहेरच्या खोलीत तो फोनपाशी उभा होता. घड्याळाकडे बघून त्याने रिसीव्हर उचलला, डाव्या कानाला लावला आणि बोटांना पाठ असलेला नंबर फिरवला. वेळच तशी होती. हात आपोआप गेले असणार. नऊबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या.

त्याने नाकातून आवाज काढला. "नमस्कार. आहार विभाग द्या."

मग तो ऐकत राहिला. पलीकडे कोणीतरी त्याला काही दाबायला सांगत असणार, भराभर, एकात एक अक्षरं मिसळून. "अं?" तो म्हणाला. "काय म्हणालात?" रिसीव्हर त्याने कानावर आणखी घट्ट धरला. "बाई, जरा सावकाश—"

थोड्या वेळाने त्याने रिसीव्हर ठेवला. या वेळी अगदी नीट, सरळ, तपासून ठेवला. आणि तिथेच उभा राहिला, एक हात त्यावर.

नऊबाई आतल्या खोलीत गेल्या. पर्समधून मोबाइल काढला. घरचा नंबर लावताना त्यांना अडखळायला झालं. तो त्यांनी नेहमी बोर्डावरच्या एका बटणाने लावला होता. बाहेर घंटा खणखणली.

"हॅलो?"

"नमस्कार," नऊबाई म्हणाल्या, ऑफिसच्या आवाजात, एकेक अक्षर वेगळं. "मघाशी आपला फोन कट झाला. कोणता विभाग हवा होता?"

दोघांच्या मध्ये एक भिंत होती आणि तिच्यावर लेकीच्या लग्नाचा फोटो.

मग नाकातून, "आहार विभाग."

"बोला."

"काल एक ट्रे केला होता. जरा कडक झाला. काय चुकलं ते विचारायचं होतं."

"आपलं काही चुकलं नाही. आमची होल्डची वायर निघाली होती. पाणी बंद करायचं होतं ते पेशंटचं. ट्रेला हवंच होतं."

"आणि दोनशे दहा?"

"ते प्लास्टरच्या खोलीत फोन लावायला."

तो हसला. फोनमधून आणि भिंतीतून, दोन्हीकडून ऐकू आलं. मध्ये एक क्षणही गेला नव्हता.

"मग बाई, परत पहिल्यापासून सांगता का? वेळ आहे ना तुम्हाला?"

नऊबाई पलंगाच्या कडेला टेकल्या. कुठेही दुसरा दिवा लुकलुकत नव्हता.

"आहे," त्या म्हणाल्या. "घ्या लिहून. दोन वाट्या मैदा."

"थांबा हं, होल्ड करा," तो म्हणाला, आणि बाहेर खुर्ची ओढून घेतल्याचा आवाज आला.